भिंतीच्या आतली गळती कोणाची?

२०२३ च्या जुलैमध्ये, ९ तारखेच्या रविवारी सकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू आमच्या दाराशी आल्या आणि "जरा खाली येऊन बघता का?" एवढेच म्हणाल्या. त्यांच्या बोळातल्या छताला, देवघराच्या अगदी वर, ताटाएवढी ओल आली होती, शेजारच्या भिंतीला लोणा लागून रंगाचे पोपडे सुटले होते आणि निरांजनाच्या तबकात पांढरी भुकटी पडली होती. काकूंचे यजमान पाटबंधारे खात्यात आरेखक होते. त्यांनी स्टुलावर चढून ओलीच्या कडेने पेन्सिलीची बारीक रेघ मारली आणि तिच्याशेजारी त्या दिवसाची तारीख लिहिली. "वाढते की आहे तिथेच राहते, ते कळायला हवं," असे ते म्हणाले. ती रेघ पुढे या सगळ्या प्रकरणातला सर्वांत भरवशाचा पुरावा ठरेल, याची मला त्या वेळी कल्पना नव्हती.

आम्ही कोथरूडमध्ये, डहाणूकर कॉलनीच्या मागच्या बाजूच्या एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो. इमारत १९९२ सालची. भाडे बावीस हजार, अनामत साठ हजार आणि करार अकरा महिन्यांचा, म्हणजे पुण्यात बहुतेक ठिकाणी असतो तसा लिव्ह अँड लायसन्सचा. घरमालक निगडीला राहतात, सत्तरीचे निवृत्त गृहस्थ आहेत आणि आम्ही त्यांना पहिल्यापासून काकाच म्हणतो. तोपर्यंत आमच्यात एकदाही शब्दाला शब्द लागला नव्हता.

मी त्याच दिवशी त्यांना फोटो पाठवून फोन केला. "अहो, पावसाळा आहे, बाहेरच्या भिंतीतून पाणी झिरपत असणार. सोसायटीला सांगा," असे ते म्हणाले. सोसायटीचे सचिव येऊन बघून गेले आणि त्यांनी सांगितले की ओल बाथरूमच्या बरोबर खाली आहे, म्हणजे ही आतली गळती आहे आणि ती ज्याची त्याने बघायची. मी पुन्हा घरमालकांना फोन केला, तेव्हा त्यांचे म्हणणे असे पडले की नळ आणि शॉवर तुम्ही वापरता, किरकोळ दुरुस्ती करारात तुमच्याकडे आहे, तेव्हा प्लंबर बोलवून घ्या. चार दिवसांत तीन उत्तरे मिळाली आणि तिन्ही उत्तरांना काही ना काही आधार होता, हे मला नंतर कळले. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे संस्था चालवण्याच्या नमुना नियमांमध्ये, बाहेरच्या पाइपलाइन, सांडपाण्याच्या सामाईक नळ्या, गच्ची, बाहेरच्या भिंती आणि पावसाच्या पाण्याने होणारी गळती यांची दुरुस्ती संस्थेने आपल्या खर्चाने करायची असते, तर संडास, सिंक वगैरेंमुळे होणाऱ्या अंतर्गत गळतीचा खर्च त्या त्या सदनिकाधारकाने सोसायचा असतो. (ज्या इमारतीत सोसायटी नसून अपार्टमेंट असते, तिथे हे उपविधी लागू नसतात. तिथे १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली केलेले घोषणापत्र काढून बघावे लागते. पुण्यात अशा इमारती भरपूर आहेत.) पण या नियमांत सदनिकाधारक म्हणजे मालक. भाड्याने राहणाऱ्याचे नाते त्या उपविधींशी नसते, ते फक्त मालकाशी केलेल्या कराराशी असते, आणि करारात लिहिलेल्या "किरकोळ" या शब्दाचा अर्थ प्रत्येक जण आपापल्या सोयीने लावतो.

मी पहिली चूक इथेच केली. काकूंसमोर ओशाळल्यासारखे झाले होते, म्हणून घरमालकांना न कळवता मी कोपऱ्यावरच्या दुकानातून एका प्लंबरला बोलावले. त्याने बाथरूमच्या फरशीच्या सांध्यांमध्ये आणि नहाणी ट्रॅपच्या (फरशीतल्या जाळीखालच्या सांडपाण्याच्या भांड्याच्या) कडेने पांढरे सिमेंट भरले, अठराशे रुपये घेतले आणि आठवड्यात वाळेल म्हणून सांगून गेला. १६ तारखेला पेन्सिलीची दुसरी रेघ पहिलीपासून चार बोटे बाहेर होती. २३ तारखेला तिसरी रेघ आणखी पुढे गेली. २४ ते २९ जुलै आम्ही सगळे सोलापूरला होतो, घराला कुलूप होते, बाथरूममध्ये पाण्याचा थेंब वापरला गेला नव्हता, आणि तरीही ३० तारखेची रेघ पुढेच सरकलेली होती. काकू एव्हाना वैतागल्या होत्या आणि ते स्वाभाविक होते, कारण अधिक श्रावण चालू झाला होता आणि त्यांना देवघर हॉलमधल्या टीपॉयवर हलवावे लागले होते.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कर्वेनगरचे एक ज्येष्ठ प्लंबर आले. त्यांनी आमच्या बाथरूमकडे बघण्याआधी खाली जाऊन ओल बघितली, तारखा वाचल्या आणि मला विचारले, "तुम्ही घरात नव्हता असे दिवस यात आहेत का?" मी सोलापूरचे सांगितल्यावर ते म्हणाले, "मग हे सांडपाणी नाही." त्यांचे स्पष्टीकरण मी जसे समजले तसे देते, कारण जबाबदारीचा अर्धा प्रश्न या एका गोष्टीवर सुटतो. नहाणी ट्रॅप, फरशीचे सांधे, फरशीखालचा ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) किंवा सांडपाण्याची नळी यांतून गळती असेल तर बाथरूम वापरल्यावरच ओल वाढते आणि वापर थांबला की ती काही दिवसांत थांबते. पण गच्चीवरच्या टाकीतून येणारी लाइन चोवीस तास भरलेली असते, तिच्यावर कायम दाब असतो, त्यामुळे तिच्यात गळती असेल तर घर बंद असले तरी पाणी झिरपतच राहते. पहिल्या प्लंबरने जिथे सिमेंट भरले, तिथे मुळात दुखणेच नव्हते.

त्यांनी चाचणी घेतली ती मी शेजारी उभी राहून बघितली. गच्चीवरचा आमचा व्हॉल्व्ह बंद केला, गीझर सोडवला, बाथरूममधले नळ आणि शॉवर काढून तोंडांना प्लग मारले आणि थंड पाण्याच्या लाइनीला हातपंप जोडून दाब दिला. जुनी लोखंडी लाइन आहे, म्हणून तीन किलोच्या (चौरस सेंटिमीटरला तीन किलो दाबाच्या) वर त्यांनी काटा जाऊ दिला नाही. अर्धा तास काटा जागचा हलला नाही. मग गरम पाण्याच्या लाइनीला तोच पंप लावला, तर दहा मिनिटांत काटा तीनवरून दीडवर आला. मी घड्याळासह दोन्ही वेळचे फोटो काढले. जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप, ज्याला सगळे जीआय म्हणतात, आतून गंजत जातो आणि गरम पाण्याच्या लाइनीत ते अधिक लवकर होते. त्यातही जिथे आटे पाडलेले असतात तिथे पत्रा सर्वांत पातळ असतो, म्हणून पाइप बहुधा जोडाशीच फुटतो. "शॉवरच्या डायव्हर्टरच्या खाली एक एल्बो असणार, तिथे बघू," असे म्हणून त्यांनी टाइलवर खडूने चौकोन आखला. डायव्हर्टर म्हणजे पाणी नळाकडून शॉवरकडे वळवणारी चावी आणि एल्बो म्हणजे पाइप वळवणारा काटकोनी जोड.

पण ती टाइल फोडायची परवानगी देणारी मी कोण? घर माझे नाही. मी घरमालकांना फोन केला, तर ते म्हणाले, "एकदा भिंत फोडली की खर्चाला अंत राहत नाही. जरा पाऊस ओसरू दे, मग बघू." त्यांचीही बाजू मी समजून घ्यायला हवी होती. निवृत्तीनंतर या घराचे भाडे हे त्यांच्या महिन्याच्या हिशेबातले मोठे कलम होते. पण खाली काकूंच्या छतातून आता थेंब पडू लागला होता, आणि माझ्या मनात दुसरी भीती होती, ती म्हणजे करार संपताना हे सगळे आमच्या अनामत रकमेतून वळते होईल. काकूंना आणखी त्रास नको म्हणून आम्ही गच्चीवरचा आमचा व्हॉल्व्ह सकाळी दोन तास आणि संध्याकाळी एक तास एवढाच उघडायला सुरुवात केली आणि उरलेला दिवस बादल्या-पिंपांवर काढला. महापालिकेचे पाणी एखाद्या गुरुवारी बंद असते तेव्हा पुणेकर एक दिवस असे काढतातच. आम्ही जवळपास तीन आठवडे काढले.

याच काळात मी शिवाजीनगरला एका ओळखीच्या वकिलीणबाईंना भेटले. माझ्या डोक्यात एक ऐकीव गोष्ट पक्की बसली होती की दुरुस्ती आपण करावी आणि भाड्यातून कापून घ्यावी. त्यांनी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ काढून कलम १४ माझ्यासमोर ठेवले. त्यात म्हटले आहे की भाडेकरूने वेगळे काही कबूल केलेले नसेल तर जागा राहण्यायोग्य आणि चांगल्या दुरुस्त स्थितीत ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी वेळेत दुरुस्ती केली नाही तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, पण एका वर्षात ही रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त होता कामा नये. आमच्या भाड्याने हिशेब केला तर ही मर्यादा सहासष्ट हजार येत होती आणि प्लंबरने दिलेला अंदाज तिच्या निम्म्यातही बसत होता. मला हायसे वाटले. तेवढ्यात त्यांनी आमचा करार उलगडला आणि म्हणाल्या, "पण तुम्ही या कायद्याच्या भाषेत भाडेकरू आहात का?"

हा मुद्दा पुण्यात भाड्याने राहणाऱ्या प्रत्येकाने नीट समजून घ्यावा, असे मला मनापासून वाटते. बोलताना आपण सगळेच स्वतःला भाडेकरू म्हणवतो, पण लिव्ह अँड लायसन्सच्या करारात आपण लायसन्सी असतो, म्हणजे जागा वापरायची फक्त परवानगी मिळालेला माणूस. कलम १४ मध्ये शब्द भाडेकरू असा आहे. त्यामुळे त्या कलमावर विसंबून आपल्या मनाने भाडे कापले, तर उलट आपणच कराराचा भंग केला असे समोरचा म्हणू शकतो आणि मुदत संपण्याआधीच घर सोडायची वेळ येऊ शकते. वकिलीणबाईंचा सल्ला साधा होता: भाडे ठरल्या तारखेला पूर्ण भरत राहा, कलमांची भीती घालू नका, लेखी पत्र द्या आणि करारातल्या शब्दांवर बोट ठेवा. मग त्यांनी त्या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढली. आमच्या करारात लिहिले होते की लायसन्सीने जागा आहे त्या स्थितीत राखावी आणि तिचे काही नुकसान झाल्यास ते स्वखर्चाने दुरुस्त करावे, मात्र नेहमीच्या वापराने होणारी झीज यातून वगळली आहे. दोन वर्षे मी त्या करारावर सह्या करत होते आणि ते शेवटचे वाक्य मी एकदाही थांबून वाचले नव्हते. तीस वर्षांचा गंज हे आमच्या हातून झालेले नुकसान नव्हते.

पत्र मी मराठीत लिहिले, दीड पानाचे. कोणत्या तारखेला काय घडले, पेन्सिलीच्या चार रेघांचे फोटो, दाबाच्या चाचणीचे आकडे, प्लंबरचे लेखी अंदाजपत्रक, काकूंच्या घरात होत असलेले नुकसान, आणि शेवटी पंधरा दिवसांत भिंत उघडण्याची परवानगी द्यावी व कामाच्या वेळी आपण स्वतः हजर राहावे ही विनंती. कापाकापीची किंवा कोर्टाची भाषा त्यात नव्हती. अठराशे रुपये खर्चून केलेले पांढऱ्या सिमेंटचे काम मी त्यांना न विचारता केले होते, तेही मी त्यात स्पष्ट लिहिले. पत्र पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवले आणि त्याचा फोटो व्हॉट्सअॅपवरही टाकला.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. आवाज दुखावलेला होता. "पत्र कशाला पाठवलंत? मी काय परका आहे का?" मी म्हटले, "काका, फोनवर आपलं तीनदा बोलणं झालं आणि तिन्ही वेळा मला नीट सांगता आलं नाही. कागदावर सगळं एका जागी आलं म्हणून लिहिलं." ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "येत्या रविवारी येतो."

२० ऑगस्टला सकाळी दहा वाजता बाथरूमच्या दारात आम्ही पाच जण दाटीवाटीने उभे होतो: घरमालक, मी, काकूंचे यजमान, सोसायटीचे सचिव आणि प्लंबर. छिन्नीने दोन टाइल निघाल्या. आतले प्लास्टर ओल्या बिस्किटासारखे हाताने निघत होते आणि त्याच्या मागची वीट काळपट लाल पडली होती. एल्बो दिसायला लागल्यावर प्लंबरनी आमच्या यजमानांना गच्चीवरचा व्हॉल्व्ह क्षणभर उघडायला सांगितले. आधी काहीच दिसले नाही, नुसता बारीक सूं असा आवाज आला. मग विजेरीच्या उजेडात, आट्यांच्या शेवटच्या वेढ्यातून केसाएवढी पाण्याची धार विटेवर फवारताना दिसली. एवढ्याशा धारेने खालचे देवघर हलवले होते. पाइप कापून एल्बो बाहेर काढला तेव्हा त्याच्या आत तपकिरी गंजाचे थरावर थर बसून भोक निम्मे झाले होते आणि आट्यांवर जोड घट्ट करायला लावलेला जुन्या कामाचा सफेदा आणि सुतळी अजून चिकटलेली होती.

घरमालकांनी तो एल्बो हातात घेऊन अंगठ्याने चोळला. "हे माझ्या वेळचंच आहे," ते म्हणाले. "मीच इथे उभं राहून बसवून घेतलं होतं." मी करार आणून ते वाक्य त्यांना दाखवले. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचले आणि मान हलवली. त्यानंतर खर्च कोणाचा, यावर वाद झाला नाही, फक्त हिशेब झाला.

त्या बाथरूममधली गरम आणि थंड, दोन्ही पाण्याची लाइन बदलून सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारा प्लास्टिकचा पाइप) टाकायची, टाइल बसवायच्या आणि काकूंचे छत वाळल्यावर तिथला गिलावा व रंग करून द्यायचा, हे घरमालकांनी घेतले. लाइनीचे काम साडेसत्तावीस हजारांत झाले. डायव्हर्टरची झिजलेली दांडी आणि दोन अँगल कॉक (भिंतीलगतच्या बंद-चालूच्या छोट्या तोट्या) आम्ही बदलले, त्याला चोवीसशे लागले, कारण त्या गोष्टी रोज आमच्या हाताखाली होत्या. सिमेंटचे अठराशे मी मागितले नाहीत. आणि सचिवांनी त्याच दिवशी खिडकीतून वाकून बाहेरच्या डक्टमध्ये, म्हणजे नळ्यांसाठी सोडलेल्या मोकळ्या जागेत, बघितले, तेव्हा सांडपाण्याच्या सामाईक नळीच्या जोडात पिंपळाचे रोप उगवून तडा गेलेला दिसला. ओलीत त्याचाही थोडा हात असावा असे प्लंबरांचे मत पडले. सोसायटीने झुला बांधून माणूस उतरवला आणि तो जोड आपल्या खर्चाने बदलून घेतला. म्हणजे पावसाळ्याचे कारण सांगणारे घरमालकही अगदीच चुकीचे नव्हते. एवढेच होते की भिंत उघडेपर्यंत आम्ही सगळे न पाहिलेल्या पाइपाबद्दल भांडत होतो.

ऑक्टोबरअखेर करार संपला तेव्हा नव्या करारातले दुरुस्तीचे कलम आम्ही दोघांनी मिळून लिहिले. नमुना म्हणून केंद्र सरकारच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्याची दुसरी अनुसूची समोर ठेवली. तो आदर्श मसुदा आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही आणि आपल्याकडे १९९९ चाच कायदा चालतो. पण त्यातली विभागणी मला व्यवहाराला धरून वाटली. बांधकामाची दुरुस्ती, गरज पडल्यास पाइप बदलणे आणि विजेचे वायरिंग मालकाकडे. नळ आणि त्यांचे वॉशर, तुंबलेली गटारे साफ करणे, वॉश बेसिन, संडास आणि गीझर यांची दुरुस्ती राहणाऱ्याकडे. शेवटच्या दोन्हींवर मी हरकत घेतली, कारण गीझर दहा वर्षांचा होता आणि फ्लशची टाकी घराइतकीच जुनी. बऱ्याच चर्चेनंतर असे ठरले की दुरुस्ती आम्ही करायची, मात्र वस्तूच बदलावी लागली तर खर्च मालकाचा. "किरकोळ" हा शब्द काढून टाकून त्याऐवजी भिंतीच्या किंवा फरशीच्या आत असलेले सगळे मालकाचे आणि बाहेर हाताला येणारे सगळे आमचे, असे लिहिले. गळती कळवल्यापासून सात दिवसांत मालकाने माणूस पाठवायचा, नाही पाठवला तर आम्ही चाचणी करून घ्यायची आणि तिचा खर्च पुढच्या भाड्यातून वळता करायचा, हेही लेखी आले. भाड्यातून कापण्याची जी मुभा मी कायद्यात शोधत होते, ती शेवटी आम्हाला आमच्याच करारात, दोघांच्या सहीने, लिहून घ्यावी लागली. करार नेहमीप्रमाणे ऑनलाइन नोंदवला.

छत वाळायला दिवाळी उलटून गेली. प्लंबरांनी बजावले होते की ओल पूर्ण गेल्याशिवाय रंग लावाल तर महिन्यात पुन्हा पोपडे येतील, आणि काकूंनी ते मनावर घेऊन घाई केली नाही. २० ऑगस्टनंतर काकूंच्या यजमानांनी दर रविवारी बघितले, पण नवी रेघ मारायची वेळ आली नाही. डिसेंबरमध्ये रंगारी आला तेव्हा छतावर नकाशातल्या समोच्च रेषांसारख्या एकात एक रेघा आणि त्यांच्या तारखा दिसत होत्या. त्याने गिलावा खरवडायला पत्रा लावला, तेव्हा यजमानांनी त्याला क्षणभर थांबवले, स्टुलावर चढून एक फोटो काढला आणि तो घरमालकांना पाठवून दिला.